तुमचे श्रोते म्हणजे ते अकरा जण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मधूनच वाचायला लागलेल्यांनाही कळेल. विद्यापीठाची शरद व्याख्यानमाला यंदा तुमच्या विभागाकडे आली आणि विभागात सगळ्यांत नवे तुम्ही, म्हणून ती तुमच्या गळ्यात पडली. सप्टेंबर ते नोव्हेंबर, पाच व्याख्यानं, सर्वांना खुली. गेल्या वर्षी पहिल्या व्याख्यानाला दोनशे माणसं होती, पाचव्याला अकरा. कॅम्पस गावापासून सहा किलोमीटर लांब. आता तुम्ही विचारताय, यंदा मुलांना हजेरी सक्तीची करावी की एखादा नावाजलेला वक्ता आणून गर्दी खेचावी?

मी म्हणेन, दोन्ही करू नका.

मी एका विद्यापीठात एकोणीस वर्षं हेच काम केलं. आधी बहिःशाल विभागात, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानं करणाऱ्या विभागात, सहायक म्हणून खुर्च्या मोजल्या, पुढे समन्वयक झाले, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यामुळे तुमचे आकडे वाचून मला आधी हसूच आलं. ते दोनशे कोण होते ते मी घरबसल्या सांगते. उद्घाटन होतं, कुलगुरू येणार होते, म्हणून तीन-चार विभागांचे तास सोडून मुलांना सभागृहात आणून बसवलं. दुसऱ्या व्याख्यानाला त्यातली निम्मी आली. तिसऱ्याच्या वेळी परीक्षेचं वेळापत्रक लागलं. चौथं नवरात्रात सापडलं. तुम्हाला वाटतंय दोनशेवरून अकरावर घसरगुंडी झाली. घसरगुंडी झालेलीच नाही. पहिल्या दिवशीही तुमचे श्रोते अकराच होते, उरलेल्या एकशे एकोणनव्वदांच्या गर्दीत ते तुम्हाला दिसले नाहीत इतकंच.

तेव्हा गर्दीचं राहू द्या. कुणी न सांगता, हजेरी नसताना, अंधार पडायच्या वेळी सहा किलोमीटर आलेले ते अकरा जण कोण होते आणि यंदाच्या पहिल्या व्याख्यानाला ते परत येणार का, हे आधी बघायला हवं. त्यांची नावं आहेत का तुमच्याकडे? बहुधा नसतील. उपस्थिती पत्रकावर मुलांच्या सह्या असतात, कारण त्या नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीला लागतात. मागच्या रांगेत बसलेल्या निवृत्त शिक्षकापुढे ते पत्रक कुणी नेतच नाही. मी समन्वयक झाल्यावर पहिल्यांदा एक साधी शंभर पानी वही घेतली आणि दाराशी ठेवली. नाव, गाव किंवा पेठ, फोन आणि ‘कसे आलात’ एवढे चारच रकाने. चौथा रकाना सगळ्यांत उपयोगी ठरला. ‘पायी’, ‘मुलाने सोडलं’, ‘साडेचारची बस’ असं लोक लिहीत. वर्षभरात मला कळलं की माझे निम्मे श्रोते एका बसवर अवलंबून आहेत आणि परतीची शेवटची बस सव्वासातला आहे. आमची व्याख्यानं तोवर साडेसातला संपत.

आता तुमच्याकडच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर माझं ऐकून तुम्ही तसंच कराल आणि फसाल. कॅम्पसवर वसतिगृहं किती, मुलं राहणारी की रोज एसटीने येणारी, यावर वेळ ठरते. गावात आधीच एखादी जुनी व्याख्यानमाला असेल, तर तिच्या तारखा बघूनच तुमच्या ठरवा. आपल्याकडे बऱ्याच गावांत त्या हिवाळ्यात असतात, पण सगळीकडे नाही. पैसा विद्यापीठ निधीतला आहे की एखाद्या देणगीच्या व्याजातला, यावर तुम्हाला किती मोकळीक मिळेल ते ठरतं. आणि कुलगुरूंना प्रत्येक व्याख्यानाला व्यासपीठावर बसायचं असतं की नाही, हे तर तुमच्या हातात अजिबात नाही. बाकीचं बरंचसं मात्र आहे.

थोडं मागचं सांगते. ‘बहिःशाल’ म्हणजे शाळेबाहेरचं शिक्षण. केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने 1873 साली तिथल्या विद्यापीठाने गावोगावी व्याख्यानं सुरू केली. ज्यांना विद्यापीठात पाय ठेवायला मिळत नव्हता, त्यांच्यासाठी विद्यापीठच उठून त्यांच्याकडे गेलं. आपल्याकडे पुणे विद्यापीठ 1949 साली सुरू झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. त्यांच्याच नावाने त्या विद्यापीठाचं बहिःशाल मंडळ संलग्न महाविद्यालयांमधून व्याख्यानमाला चालवतं. हे सांगायचं कारण, ही कल्पना मुळात लोकांकडे जाण्याची होती. आपण ती उलटी केली. सभागृह कॅम्पसच्या पोटात, कार्यक्रमाची सूचना विभागाच्या फलकावर, आणि वर पत्रिकेत ‘सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’. सर्वांना म्हणजे कुणाला?

लोक व्याख्यानाला सवयीने जातात, जाहिरातीने नाही, असं माझं अनुभवाचं मत आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, अजून उन्हाळ्यात चालते. तिथले जुने श्रोते आज कोण बोलणार हे न बघताच घरून निघतात, असं मी स्वतः पाहिलंय. एक आजोबा मला म्हणाले होते, ‘विषय तिथं गेल्यावर कळतो की.’ पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, तिथे शाळेच्या मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होत. दुसरा शनिवार म्हटलं की पालकांच्या डोक्यात आपोआप आयुका येई. तुमची पाच व्याख्यानं एक मंगळवारी, एक शनिवारी सकाळी, एक गुरुवारी दुपारी अशी झाली असणार. वक्त्याला जमेल ती तारीख घेतली की असंच होतं. मग श्रोत्याला प्रत्येक वेळी नव्याने आठवण ठेवावी लागते, आणि तो ठेवत नाही.

म्हणून वार एक, वेळ एक, जागा एक. वक्ता त्या वारी येऊ शकत नसेल तर पुढच्या वर्षी बोलवा. हे ऐकायला उद्धट वाटतं, पण मी अनेक मोठ्या माणसांना असं नम्रपणे कळवलंय आणि एकही रागावलेला नाही. वार कोणता? तुमच्या गावचा आठवडे बाजार ज्या दिवशी, तो सोडा. शनिवार-रविवार सोडा, प्राध्यापक गावी जातात आणि गावातली माणसं लग्नकार्यात असतात. आमच्याकडे बुधवार बसला.

आता हंगामाकडे येते, कारण शरद ऋतूत कॅम्पसवर सार्वजनिक कार्यक्रम करणं म्हणजे तारखांच्या गर्दीतून वाट काढणं आहे. वसंतात परीक्षा संपत आलेल्या असतात, हवा कोरडी असते. इकडे गणपती, युवा महोत्सव, अंतर्गत मूल्यमापन, नवरात्र, दिवाळी आणि सत्र परीक्षा हे सगळं दोन-अडीच महिन्यांत कोंबलेलं. त्यात मागच्या वर्षीचं वेळापत्रक यंदा चालत नाही. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. 2026 साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 11 ऑक्टोबरला गेली आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. ‘गेल्या वर्षीप्रमाणे’ असा शेरा मारून फाइल पुढे सरकवणाऱ्या माणसाने इथेच निम्मी व्याख्यानमाला बुडवलेली असते.

माझी एक युक्ती सांगते, ती मला आमच्या एका जुन्या शिपाईमामांनी शिकवली. पितृपक्ष रिकामा असतो. अनंत चतुर्दशी झाली की मुलं गावाहून परत आलेली असतात. पंधरवडाभर लग्न नाही, साखरपुडा नाही, कुणी इमारतीचं उद्घाटन करत नाही, दुकान उघडत नाही. सभागृह मोकळं, मंडपवाला मोकळा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वक्ते मोकळे. एरवी ज्यांची तारीख चार महिने मिळत नाही ते लोक पितृपक्षात ‘या, कधीही सांगा’ म्हणतात. फक्त एक पथ्य पाळा. त्या काळात उद्घाटन समारंभ ठेवला तर कुणीतरी नाक मुरडतंच, मग उद्घाटनच ठेवू नका. थेट पहिलं व्याख्यान सुरू करा. उद्घाटन टळतं हा या युक्तीचा खरा फायदा आहे, पण तो प्रस्तावात लिहू नका.

यंदाचंच घ्या. अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे, सर्वपित्री 10 ऑक्टोबरला. बुधवार धरला तर 30 सप्टेंबर आणि 7 ऑक्टोबर हे दोन स्वच्छ मिळतात. मग दोन आठवडे सोडून द्या, नवरात्रात संध्याकाळी कुणी तुमचं ऐकायला येणार नाही आणि यावं अशी अपेक्षाही करू नये. 28 ऑक्टोबरला तिसरं, तेही तुमच्या सत्र परीक्षा त्याच आठवड्यात सुरू होत नसतील तर. राहिलेली दोन सरळ डिसेंबरच्या बुधवारी करा. ‘शरद’ नाव आहे म्हणून हेमंतात बोलायला बंदी नाही. आणि कुणी हट्टच धरला तर तीनच करा. शेजारी-शेजारी बसलेली तीन व्याख्यानं सवय लावतात, विखुरलेली पाच लावत नाहीत.

दिनविशेषांचा मोहही आवरा. 15 ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, 7 नोव्हेंबर विद्यार्थी दिवस, 26 नोव्हेंबर संविधान दिन, असं प्रत्येक परिपत्रकाबरोबर एक व्याख्यान उगवतं. ते करायचंच असतं, करा, पण आपापल्या विभागात. 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, हा विषय खरं तर मन लावून ऐकण्याजोगा आहे. पण तो दिवाळीच्या सुट्टीत सापडला की रिकाम्या सभागृहात फोटोपुरता उरकला जातो. यंदा तर 7 तारीख म्हणजे लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस. असा विषय डिसेंबरच्या बुधवारी घ्या, तारीख चुकली म्हणून बाबासाहेब रागावणार नाहीत.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आपल्या विधानसभेच्या निवडणुका 2009, 2014, 2019 आणि 2024 अशा चारही वेळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. त्या वर्षी आचारसंहिता लागते, प्राध्यापकांना निवडणुकीची कामं लागतात, सभागृह प्रशिक्षणासाठी मागितलं जातं. 2014 ला आमची पत्रिका छापून तयार होती आणि त्यावर एका लोकप्रतिनिधींचं नाव प्रमुख पाहुणे म्हणून होतं. सगळा गठ्ठा माझ्या टेबलाखाली वर्षभर पडून होता, मागची बाजू कोरी म्हणून मी त्यावर हिशेब लिहिले.

वेळेचं म्हणाल तर साडेपाच ते पावणेसात. चारला ऑक्टोबरच्या उन्हाने सभागृह तापलेलं असतं, सातला अंधार. नोव्हेंबरच्या मध्यात पुण्या-कोल्हापूरकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, विदर्भात त्याही आधी. कॅम्पसच्या रस्त्यावर दोन दिव्यांमधलं अंतर किती आहे ते एकदा अंधारात चालून बघा, पासष्ट वर्षांच्या बाई तिथून बसथांब्यापर्यंत जातील का ते कळेल. मुलींच्या वसतिगृहाची परत यायची वेळ विचारून घ्या. आणि हस्त नक्षत्र लागलं की, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, दुपारनंतर हत्तीचा पाऊस कधीही कोसळतो. हिरवळीवर खुर्च्या मांडून ‘निसर्गरम्य वातावरणात’ व्याख्यान करायची हौस मी एकदा केली. वक्त्यांनी तिसरं वाक्य सुरू केलं आणि आम्ही सगळे डोक्यावर खुर्च्या घेऊन ग्रंथालयाच्या पायऱ्यांकडे पळालो. उरलेलं व्याख्यान त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून, माईकशिवाय दिलं. छान झालं, पण ते नशीब होतं.

आता फाटकाविषयी. तुम्ही म्हणता गावातली माणसं कॅम्पसवर येत नाहीत. येतात हो, रोज सकाळी सहाला येतात. आपल्याकडचं बहुतेक प्रत्येक विद्यापीठ म्हणजे त्या गावचं फिरायचं ठिकाण. झाडी आहे, रस्ते मोकळे आहेत, वाहनं कमी. बँकेतून निवृत्त झालेले, डॉक्टर, शिक्षिका, हास्यक्लबवाले, सगळे तुमच्या सभागृहाच्या समोरून दोन फेऱ्या मारून जातात. हाच तुमचा श्रोतृवर्ग आहे आणि तो तुमची फेसबुकवरची पोस्ट बघत नाही. आम्ही फिरायच्या वाटेवर, लोक जिथे थांबून हात-पाय ताणतात त्या वडाखाली, एक साधा फळा लावला. खडूने लिहायचो: बुधवार, साडेपाच, कोण, कशावर. फ्लेक्सकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण फ्लेक्स रोज असतात. खडूने लिहिलेलं माणूस थांबून वाचतो. शेजारी कुणीतरी रोज एक सुविचार लिहायला लागलं, तो मात्र मी पुसला नाही.

त्याच माणसाला संध्याकाळी काय होतं ते ऐका. आमच्या वहीत नाव असलेले एक निवृत्त पोस्टमास्तर होते, धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. दर बुधवारी यायचे. एकदा सलग दोन आठवडे दिसले नाहीत म्हणून मी फोन केला. म्हणाले, ‘बाई, नवीन पोरगं आहे फाटकावर. कुणाकडे जायचंय विचारलं. मी म्हटलं, कुणाकडे नाही, व्याख्यानाला. तर म्हणे, ओळखपत्र दाखवा. मी म्हटलं, राहू दे मग.’ सकाळी त्याच फाटकातून ते बिनओळखपत्राचे आत येत होते. त्या सुरक्षारक्षकाची चूक नव्हती, त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्यानंतर मी दर व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवायला लागले की उद्या पाच ते सव्वासात ‘व्याख्यानाला’ एवढं म्हणणाऱ्याला सोडायचं. आणि एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, एक मुलगा फाटकावर उभा ठेवायचा, त्याने फक्त ‘या आजोबा, डावीकडे’ एवढंच म्हणायचं. ओळखपत्र नसलेल्या माणसाला हे ‘या’ फार लागतं.

बसचं काम सोपं निघालं. आगारप्रमुखांना विद्यापीठाच्या पत्रकागदावर विनंती केली, ते म्हणाले सव्वासातची गाडी सभागृहाच्या थांब्यावर पाच मिनिटं थांबवू. पण तुम्ही सातच्या आत संपवायला हवं. आणि तिथेच आमची खरी अडचण उघडी पडली.

एका बुधवारी मी घड्याळ घेऊन मागे बसले. पत्रिकेवरची वेळ साडेपाच. पाहुणे कुलगुरूंच्या दालनात चहा घेऊन आले पाच पन्नासला. दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्याने दोनदा वात विझली. प्रतिमापूजन, विद्यापीठगीत. स्वागत, शाल, श्रीफळ, पुस्तक, रोपटं. व्यासपीठावर सात जण, म्हणजे सात सत्कार आणि प्रत्येक सत्काराला एक फोटो. प्रास्ताविक बारा मिनिटं, त्यात विभागाच्या स्थापनेपासूनचा इतिहास. पाहुण्यांची ओळख नऊ मिनिटं, त्यात त्यांचे सगळे शोधनिबंध. वक्ते बोलायला उभे राहिले तेव्हा सहा चाळीस झाले होते. ते सव्वासात वाजून गेल्यावर थांबले, मग अध्यक्षीय समारोप, मग आभार. आभार ऐकायला उरलेली माणसं म्हणजे सूत्रसंचालक, ध्वनिक्षेपकवाला आणि मी.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेंच्या काळापासून शुक्रवार संध्याकाळची व्याख्यानं चालतात. तिथे प्रथा अशी की वक्त्याची ओळखच करून द्यायची नाही. ठोका पडला की दार उघडतं, वक्ता आत येतो आणि पहिलं वाक्य थेट विषयाचं. त्याआधी त्याला एका खोलीत बंद करून ठेवतात, कारण पूर्वी कधीतरी एक शास्त्रज्ञ ऐनवेळी घाबरून पळून गेले होते, असं सांगतात. आपल्याकडे वक्त्याला कोंडायची गरज नाही. कोंडायचंच असेल तर सत्कार करणाऱ्यांना कोंडावं.

हे थट्टेत लिहिलं, पण बदलताना मी हळूहळू बदललं, कारण इथे माणसं दुखावतात. सत्कार व्याख्यानाआधी दालनातच उरकला, फोटोसकट. व्यासपीठावर दोनच खुर्च्या ठेवल्या, वक्त्याची आणि अध्यक्षांची. कुलगुरूंना पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली आणि एकदा धीर करून म्हटलं, ‘सर, तुम्ही ऐकायला आलात हे लोकांना दिसलं की त्यांनाही यावंसं वाटेल.’ ते बसले. पुढचे कुलगुरू नाही बसले, त्यांना वरच बसायचं होतं. चालायचंच. अध्यक्षांचं भाषण मात्र कायमचं काढून टाकलं आणि त्यांच्याकडे प्रश्नोत्तरं चालवायचं काम दिलं. त्यामुळे त्यांना ऐकणं भाग पडलं. ओळख चार वाक्यांत, आभार दोन. पाच पस्तीसला वक्ता बोलायला उभा, सहा पंचविसाला थांबलेला, सहा पन्नासला दिवे बंद. बस मिळाली की माणूस पुढच्या बुधवारी येतो.

प्रश्नोत्तरांना चिठ्ठ्या वापरा. माईक फिरवला की तो ज्याच्या हाती लागतो तो स्वतःचंच व्याख्यान देतो, हे तुम्ही पाहिलेलं असेल. चिठ्ठ्यांमधली पहिली मुलांपैकी कुणाची तरी घ्या.

वक्त्यांबद्दल तुम्ही ‘मोठं नाव’ म्हणालात. मोठं नाव एक दिवस सभागृह भरतं आणि पुढच्या बुधवारी तुमचाच रसायनशास्त्राचा प्राध्यापक त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे उभा राहतो. टीव्हीवरच्या माणसाला बोलवायचंच तर शेवटी बोलवा, सवय लागल्यावर. सुरुवात गावाच्या पोटातल्या विषयाने करा. आमचं सगळ्यांत भरलेलं व्याख्यान आमच्याच भूगोल विभागाच्या एका बाईंचं होतं, विषय ‘आपल्या नळाला पाणी कुठून येतं’. धरण, जॅकवेल, जलशुद्धीकरण केंद्र, टाकी आणि कुठल्या पेठेत दाब कमी का, हे त्यांनी भिंतीवर नकाशा दाखवून सांगितलं. नगरपालिकेचा निवृत्त व्हॉल्व्हमन मागच्या रांगेत बसला होता, त्याने उठून त्यांची एक चूक दुरुस्त केली. बाईंनी त्याला पुढे बोलावलं आणि पुढची दहा मिनिटं तोच बोलला. जमिनीखाली कुठल्या चौकात कुठली जुनी लाइन आहे ते त्याने बोटाने नकाशावर दाखवलं, काही तर नगरपालिकेच्या नकाशातही नव्हत्या. त्या दिवशी बस चुकली, कुणी तक्रार केली नाही.

कोणताही वक्ता ठरवण्याआधी त्याच्याशी फोनवर वीस मिनिटं बोला. विषय त्याच्या तोंडून ऐका. जो फोनवर सांगू शकत नाही तो व्यासपीठावर कागद वाचतो. भाषा मराठी असेल हे आधी स्पष्ट करा, त्यात इंग्रजी संज्ञा आल्या तर येऊ द्या, पण पन्नास इंग्रजी स्लाइड आणल्या तर त्यातल्या दहाच चालवायच्या हे अगोदरच ठरवून घ्या. आणि पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास. आम्ही पहिल्या रांगेत एका मुलीला पुठ्ठ्याचा तुकडा देऊन बसवत असू, त्यावर मोठ्या अक्षरात ‘10’. ती तो फक्त गुडघ्यावर ठेवायची.

पैशाचं लवकर उरकते. तसलमात, म्हणजे खर्चाची आगाऊ रक्कम, वेळेत उचला, मानधनाची पावती आणि प्रवासखर्चाचा फॉर्म आधीच भरून तयार ठेवा, पॅनची प्रत आणि कॅन्सल केलेला चेक निमंत्रणाच्या मेलमध्येच मागून घ्या. पावती पाच हजारांवर असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, तो पाकिटात असू द्या. आमच्याकडे एकदा ऐंशीच्या घरातल्या एका लेखकांना व्याख्यान संपल्यावर पायऱ्यांवर गाठून आमच्या कारकुनाने कॅन्सल चेक मागितला. त्यांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, ‘चेकबुक घरी आहे, मी उद्या परत येऊ का?’ मी ते अजून विसरलेले नाही. मानधन त्याच संध्याकाळी देता येत नसेल तर निदान कधी जमा होईल ते खरं सांगा.

सक्तीचा प्रश्न राहिला. जी मुलं सक्तीने येतात ती मागच्या दाराजवळ बसतात, मोबाइल बघतात आणि सही झाली की उठतात. त्यांच्या उठण्याचा आवाज वक्त्याला ऐकू येतो आणि पुढे बसलेल्या पोस्टमास्तरांनाही. उद्या अंतर्गत गुणांची लालूच दाखवायला कुणी सांगितलं तरी नको म्हणा. त्याऐवजी मुलांना काम द्या. फाटकावर एक, वहीवर एक, फळ्यावर एक, चिठ्ठ्या गोळा करायला दोन, रेकॉर्डिंगला एक. सहा मुलं कामाला म्हणून येतील, त्यातली दोन ऐकायला लागतील. आमच्या फळ्यावर लिहिणारी एक मुलगी पुढे पत्रकार झाली आणि तिने आमच्याबद्दल एक अक्षरही छापलं नाही, पण ती सुट्टीत आली की बुधवारी यायची.

आयक्यूएसीला, म्हणजे विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला, आकडा लागतो, हेही मला माहीत आहे. उपस्थिती चाळीस लिहायची लाज वाटत असेल तर दुसरा आकडा द्या: चाळीसपैकी किती जण मागच्या वेळीही आले होते. वही असेल तर हे पाच मिनिटांत निघतं. आमच्या पहिल्या वर्षी शेवटच्या व्याख्यानाला सत्तावीस जण होते, त्यातले एकोणीस आधीचे. सहाव्या वर्षी सव्वाशेच्या आसपास. सहा वर्षं लागली, हे तुमच्या विभागप्रमुखांना आत्ताच सांगून ठेवा. आणि तीनशेच्या सभागृहात चाळीस माणसं विखुरलेली दिसतात, म्हणून साठच खुर्च्या मांडा, बाकीच्या भिंतीशी रचून ठेवा. खुर्ची कमी पडून कुणाला आणावी लागली की सगळं सभागृह वळून बघतं, ते चांगलं असतं.

आत्ता तुमच्या हातात दोन-तीन आठवडे आहेत असं धरते. गेल्या वर्षीच्या पाचव्या व्याख्यानाचे फोटो काढा. मोठे करून बघा, ते अकरा चेहरे कोण आहेत ते शिपाईमामांना, ग्रंथालयातल्या बाईंना, फाटकावरच्या माणसाला विचारा. सात-आठ तरी सापडतील. त्यांना मेसेज नको, फोन करा. विषय काय ठेवू, एवढंच विचारा. मग फळा कुठे लावायचा ते बघायला उद्या सकाळी सहाला कॅम्पसवर एक फेरी मारून या.